कस्टम गिटार केस मागवताय? अ‍ॅडव्हान्स देण्याआधी या चुका टाळा

चांगली गिटार घेताना माणूस महिनोन्‌महिने चौकशी करतो. चार दुकानं पालथी घालतो, फ्रेटवरून बोट फिरवून बघतो, जाणकाराला सोबत नेतो. त्याच गिटारसाठी मापाची केस, म्हणजे गिटार ठेवायची कडक पेटी, मागवायची वेळ आली की मात्र नुसतं नाव वाचून पैसे पाठवतो. या धंद्यात तर नावाचीच खात्री सगळ्यात आधी करावी लागते. कस्टम केस बनवणारी वर्कशॉप्स छोटी असतात, हाताखाली मोजके कारागीर असतात, ऑर्डरची रांग महिन्यांची असते, आणि नाव वापरण्याचा हक्क पुष्कळदा परवान्यावर घेतलेला असतो. त्या परवान्यावरून भांडण झालं की दोन्ही बाजूंचे वकील कामाला लागतात. मधल्या मध्ये अडकतो तो अ‍ॅडव्हान्स देऊन बसलेला वादक.

नाव म्हणजेच कारखाना असं समजू नका

कॅल्टन हे नाव घ्या. जगभर दौरे करणाऱ्या वादकांमध्ये फायबरग्लासच्या या केसेसचा दबदबा आहे. इंग्लंडमध्ये कीथ कॅल्टन यांनी त्या बनवायला सुरुवात केली, पुढे कॅनडातल्या कॅल्गरीत त्याच नावाने केसेस बनू लागल्या, आणि आता हे नाव टेक्सासमधल्या ऑस्टिनशी जोडलं जातं. यातली कुठलीही केस खोटी नव्हे. पण एका गावात बनलेल्या केसचा खटका तुटला, तर दुसऱ्या गावातल्या वर्कशॉपने तो फुकट बदलून द्यावा असं आपण गृहीत धरू शकत नाही. जुनी केस विकत घेत असाल तर ती कोणत्या वर्कशॉपमधली आणि साधारण कोणत्या काळातली, हे विक्रेत्याला विचाराच.

मोठ्या गिटार कंपन्यांचंही वेगळं नाही. गिब्सनच्या जुन्या गिटारसोबत येणाऱ्या केसेस न्यूयॉर्कची लिफ्टन, शिकागोची गाइब अशा बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेल्या असत. म्हणजे गिटारवरचं नाव आणि केस बनवणारा हात वेगळे असणं ही या व्यवसायाची जुनी रीत आहे आणि त्यात गैर काही नाही. तो हात कोणाचा, हे माहीत नसताना पैसे देणं मात्र चूक.

परवान्यात साधारण तीन गोष्टी येतात: नाव वापरण्याचा हक्क, साचे किंवा डिझाइन वापरण्याचा हक्क, आणि कोणत्या देशात विकायचं त्याची हद्द. हे तिन्ही एकाच माणसाच्या हातात असतील असं नाही. करार तुटला की एकाकडे नाव उरतं पण कारागीर नसतात, आणि दुसऱ्याकडे साचे व कारागीर असतात पण नाव लावता येत नाही. दुसरा मग नव्या नावाने तीच केस विकू लागतो, पहिला कुणाकडून तरी नव्याने बनवून घेतो, आणि दोघेही ‘खरे आम्हीच’ म्हणतात. खरेदीदाराने त्यात न्यायाधीश व्हायची गरज नाही. त्याने फक्त विचारायचं, तेही लेखी: परवाना कोणाकडून आहे, कधीपर्यंत आहे, माझ्या देशात विकण्याची मुभा आहे का, आणि करार मध्येच संपला तर रांगेतली माझी ऑर्डर आणि नंतरची वॉरंटी कोण सांभाळणार? प्रामाणिक कारागीर या प्रश्नांना सरळ उत्तर देतो. विषय टाळणारा किंवा ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणून रागावणारा भेटला, तर तिथेच थांबा.

ट्रेडमार्क शोधून घाईने निष्कर्ष काढू नका

भारतात ट्रेडमार्कची नोंद पेटंट-ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. ही नोंद मालाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या वर्गांत होते, आणि वाद्यांच्या केसेस वाद्यांबरोबरच, म्हणजे वर्ग १५ मध्ये येतात. अनेकजण बॅगांचा वर्ग १८ शोधतात, काही सापडत नाही आणि ‘नोंदच नाही’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही वर्ग बघा. नोंद त्या त्या देशापुरतीच असते, त्यामुळे अमेरिकेतलं प्रमाणपत्र दाखवून कुणी भारतातला हक्क सांगत असेल तर तो पुरावा अपुरा आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार मालकाशी लेखी करार करून, वापरकर्ता म्हणून नोंद न करताही, परवानाधारकाला नाव वापरता येतं. म्हणून नोंदवहीत त्याचं नाव दिसलं नाही एवढ्यावरून त्याला चोर ठरवू नका, आणि समाजमाध्यमांवर तसं लिहू तर मुळीच नका. एखाद्या छोट्या वर्कशॉपचा धंदा अशा एका अर्धवट आरोपाने बसू शकतो.

केसचा आकार सारखा असणं हेही नकलेचं लक्षण नव्हे. गिटारचा आकार कुणाच्या मालकीचा, यावर खुद्द गिटार कंपन्या वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयात गिब्सन ही पीआरएस (पॉल रीड स्मिथ) या दुसऱ्या गिटार कंपनीविरुद्ध हरली. २००९ मध्ये फेंडरला स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरच्या बॉडीच्या आकारावर ट्रेडमार्कची नोंद नाकारली गेली. केस तर आतल्या गिटारच्याच वळणाने जाणार.

‘वर फक्त लोगो टाकून द्या’ म्हणू नका

ही मागणी आपल्याकडे सर्रास होते. स्थानिक कारागीर सुरेख केस बनवतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, वर गिब्सन लिहा, विकताना भाव येईल. परवान्याशिवाय असं नाव लावणं हा भारतात फौजदारी गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ खाली किमान ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. तुमच्या हौसेपायी तो कारागीर संकटात सापडतो. सितार-तानपुऱ्यासाठी फायबरच्या केसेस बनवणारे कसबी लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्या केसवर त्यांचंच नाव असू द्या. पुढच्या वादकाला दुरुस्तीसाठी नेमकं कुणाकडे जायचं ते कळेल.

पूर्ण पैसे आधी, तारीख तोंडी

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते इथे. निम्मा अ‍ॅडव्हान्स मागणं रास्त आहे, कारण तुमच्या मापाची केस दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पण तो व्यवसायाच्या खात्यावर द्या, बिल घ्या, आणि केस कधी तयार होईल ती तारीख लिहून घ्या. ‘चार-सहा महिन्यांत होऊन जाईल’ ही तारीख नव्हे.

तारखेचा एवढा आग्रह का, तर पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवर तक्रार उघडायला पैसे दिल्यापासून १८० दिवस मिळतात. केसची रांगच सात-आठ महिन्यांची असेल, तर तुम्ही वाट बघत असतानाच ही मुदत संपते. त्यात ‘मित्र-कुटुंबीय’ या पर्यायाने पैसे पाठवले असतील तर खरेदीचं संरक्षण मुळातच मिळत नाही, आणि शुल्क वाचवण्यासाठी विक्रेते नेमका तोच पर्याय सुचवतात. कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल बँकेकडे वाद घालता येतो, पण बँक आधी विचारते की माल कधी मिळायचा ठरला होता. ती तारीख कागदावर असेल तर तुमची बाजू भक्कम होते.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वादकांना एक मोठा आधार आहे. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली, तर विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. अमेरिकेत ऑनलाइन विक्रेत्याने सांगितलेल्या वेळेत, आणि वेळ सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल पाठवायचा असतो. उशीर होणार असेल तर कळवून ऑर्डर रद्द करण्याची मुभा द्यावी लागते. भारतातून परदेशी वर्कशॉपकडे मागवत असाल तर यूपीआय किंवा थेट बँक ट्रान्सफरपेक्षा क्रेडिट कार्ड बरं.

कुरियरचा खर्चही आधी विचारा. केस हलकी असते पण जागा खाते, आणि हवाई कुरियर आकारमानावर पैसे लावतात. १२० × ५० × २५ सेंटिमीटरच्या खोक्याच्या घनफळाला ५००० ने भागलं की ३० किलो येतात. आत सहा किलोची केस असली तरी बिल तीस किलोचं. सीमाशुल्कात रिकामी केस बॅगांच्या ४२०२ या शीर्षकाखाली येते आणि गिटारसोबत आली तर गिटारमध्येच धरली जाते. हे शुल्क कोण भरणार, तेही लेखी असू द्या.

माप आणि अस्तर

‘ड्रेडनॉट आहे’ असं नुसतं गिटारच्या मोठ्या आकाराचं नाव सांगून माप होत नाही. खालचा आणि वरचा फुगवटा, कंबर, बॉडीची लांबी, मानेकडची आणि शेपटीकडची खोली, हेडस्टॉकची (मानेच्या टोकाचा, खुंट्यांचा भाग) रुंदी आणि एकूण लांबी हे सगळं मिलिमीटरमध्ये द्या, कागदावर गिटारची बाह्यरेषा काढून पाठवा, आणि मापांच्या यादीवर वर्कशॉपची संमती घ्या. पुढे ‘बसत नाही’ असा वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारचं हेडस्टॉक मागे १७ अंशांनी झुकलेलं असतं. केस पडली की तिथेच झटका बसून मान तुटते, म्हणून हेडस्टॉकखाली मोकळी जागा आणि मानेखाली आधार हवाच. तुमच्या गिटारला नायट्रो लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं चकाकीचं रोगण, असेल तर अस्तर आणि आतला फोम कशाचा आहे ते विचारा. काही व्हिनाइल आणि रबर त्या लॅकरला महिनोन्‌महिने चिकटून राहून ते मऊ करतात, आणि तो डाग पॉलिशने जात नाही.

पैसे अडकलेच तर

वर्कशॉप गप्प झालं, किंवा ‘आता नाव दुसऱ्याकडे गेलं, त्यांना विचारा’ असं उत्तर आलं, तर वाट बघत बसू नका. तुमचा व्यवहार ज्याने पैसे घेतले त्याच्याशी आहे. परवान्याचं भांडण त्याचं त्याने निस्तरायचं. ईमेलने ठरावीक मुदत द्या, त्यात केस किंवा पैसे, दोन्हींपैकी एक मागा, आणि त्याच वेळी बँकेकडे वाद नोंदवा. विक्रेता भारतातला असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल व्हायला हवं. दुकानात विकण्यासाठी केसेस घेतल्या असतील तर तुम्ही या कायद्याच्या नजरेत ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्या, एकट्याने काम करणाऱ्या वादकाला मात्र ही दाद मागता येते, आणि तक्रारीत तसं स्पष्ट लिहावं.