भटकं मांजर अन्नाला तोंड लावत नाही? या चुका टाळा

रोज वाटीवर तुटून पडणारं मांजर नुसता वास घेऊन मागे फिरलं, की आपण पदार्थ बदलत बसतो. आज बिस्किट, उद्या सुकट. यात दोन दिवस जातात. आधी एवढंच पाहा: त्याला खायचं नाहीये, की खाता येत नाहीये?

घास तोंडात घेऊन टाकतंय, मान वाकडी करून चावतंय, लाळ गळतेय, तोंडाला घाण वास येतोय, तर दुखणं तोंडात आहे. हिरड्या सुजलेल्या असतात किंवा जिभेवर फोड असतात. नाक चोंदलं असेल तर अन्नाचा वासच लागत नाही, आणि वास न लागलेलं अन्न मांजर सहसा खात नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसा, उकडलेली कोंबडी किंवा मासळी मीठ-मसाल्याशिवाय, बोटाला कोमट लागेल इतपत गरम करून द्या. माणसांचे नाकाचे थेंब मात्र घालू नका. ते मांजराला विषारी ठरतात.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराचं अंग एरवीही १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला ते गरमच लागतं. 'ताप आलाय' म्हणून अर्धी गोळी दिली, तर ती पचवण्याची सोय त्याच्या यकृतात नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. जुलाब होऊन अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

सिरिंजने जबरदस्तीने भरवताना घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. गार पडलेल्या पिल्लाला तर आधी फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीने ऊब द्या, मगच खाणं.

थांबायचं किती? ते शेजारच्या सोसायटीत जेवून येत नाही ना, याची खात्री करा. गल्लीतल्या चार घरी जेवणाऱ्या बोक्यांबाबत हा प्रश्न अगदी रास्त आहे! पण असा गुबगुबीत बोका खरंच उपाशी राहिला तर धोका त्यालाच जास्त: अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बिघडतं. मोठं मांजर २४ तास उपाशी असेल तर डॉक्टरांना दाखवा. पिल्लासाठी १२ तासही फार. उलट्या-जुलाब असतील तर तेवढंही थांबू नका. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नसेल, तर त्याच तासाला निघा.

पकडताना जाड टॉवेल वापरा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा.