समाजमंदिराचे दिवे आपोआप लागण्यासाठी: पावसाआधीची तयारी

वाडीतल्या समाजमंदिराबाहेरचे दिवे तिन्हीसांजेला आपोआप लागावेत आणि उजाडल्यावर विझावेत असं बैठकीत ठरलं असेल, तर काम एप्रिल संपायच्या आत उरकायचं हेही त्याच बैठकीत ठरवा. मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि विजा सुरू होतात, वायरमन मिळेनासा होतो, आणि जूनमध्ये ओल्या शिडीवर कुणाला चढवू नये. सेन्सर स्वस्त असतो, कुठेही मिळतो. कोकणात तयारी करायची ती खाऱ्या वाऱ्याची आणि आडव्या झडीची.

खरेदीआधी एकदा अंधार पडल्यावर दोघा-तिघांनी आवारात फिरून या. पाखाडीच्या कुठल्या पायरीवर पाऊल दिसत नाही, गडग्याच्या कडेला फुरसं बसलेलं असेल तर ते नजरेला पडेल का, हे दिवसा कळत नाही. तिथे दिवा आधी. दर्शनी भिंत उजळवणारे दिवे नंतर. याच फेरीत कुठले दिवे रात्रभर हवेत आणि कुठले अकराला बंद झाले तरी चालतील ते लिहून घ्या. 30 वॅटचे चार दिवे रोज बारा तास जळले तर महिन्याला साधारण 43 युनिट होतात. त्यातले दोन अकराला विझले तर तीसच्या आसपास.

मग फोटोसेल (उजेड ओळखणारा सेन्सर) की टायमर हे ठरवा. ठरावीक वेळेचा साधा टायमर घेऊच नका. रत्नागिरीकडे जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, म्हणजे वेळ सतत बदलत बसावी लागणार. त्यात बॅटरी नसेल तर लाईट गेली की तो मागे पडतो, आणि पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. फोटोसेल फक्त उजेड बघतो, त्यामुळे वीज परत आली की बिनबोभाट कामाला लागतो. आषाढात भरून आलं की दुपारीही दिवे लावतो. पाखाडीसाठी मला तो गुणच वाटतो. दर्शनी दिव्यांना मात्र ॲस्ट्रो टायमर बरा. त्यात गावाचे अक्षांश-रेखांश भरले (रत्नागिरीला साधारण 17 उत्तर, 73.3 पूर्व) की तो सूर्यास्ताची वेळ रोज स्वतः काढतो, आणि अकराला बंद करायचं कामही त्यालाच सांगता येतं. आत बॅटरी आहे ना ते बघून घ्या, आणि युरोपातल्या उन्हाळी वेळेची सोय असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर मार्चअखेर दिवे तासभर चुकू लागतील.

सेन्सरची जागा ठरवायला घाई करू नका. तोंड उत्तरेला, आंब्याच्या सावलीबाहेर, पागोळीच्या धारेखाली नको. आपल्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला, तर दिवा लागला की त्याला उजाडल्यासारखं वाटून तो विझवतो, अंधार झाला की पुन्हा लावतो, आणि रात्रभर हीच उघडझाप चालते. कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं किंवा शेवाळ धरलं, तर उलट दिवसाही दिवे जळत राहतात. महिन्यातून एकदा पुसायचं काम कुणाचं, ते नावानिशी ठरवा.

फोटोसेलवर थेट सगळा भार टाकू नका. एलईडी दिवे लागताना क्षणभर खूप जास्त करंट ओढतात, त्याने आतले संपर्क चिकटतात आणि दिवे विझतच नाहीत. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच, घाला. पेटी पत्र्याची नको, पॉलिकार्बोनेटची आणि निदान आयपी 65 दर्जाची (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न शिरणारी) घ्या. केबल खालूनच आत घ्या, ग्लँड (केबल आत शिरते तिथलं रबरी सीलचं बूच) घट्ट करा, आणि पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ नेहमीच्या 304 ग्रेडवरही तांबूस डाग चढतात. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या झटक्यापासून बचाव करणारं उपकरण) यांत काटकसर नको. अर्थिंग भर उन्हाळ्यातच मोजून घ्या. जांभ्याची जमीन तेव्हा ठणठणीत कोरडी असते; पावसात मोजलं तर आकडा उगाच चांगला दिसतो.

समाजमंदिर किनाऱ्यालगत असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर आली की उजेडाच्या दिशेने धावतात, आणि आपला पांढराशुभ्र दिवा त्यांना समुद्राऐवजी गावाकडे खेचतो. समुद्राच्या बाजूचे दिवे कमी उंचीवर, वरून झाकलेले, पिवळट-केशरी घ्या, आणि किनाऱ्यावरून दिवा थेट दिसत नाही ना ते वाळूत उभं राहून बघा.

आपोआप, बंद आणि चालू असा तीन टप्प्यांचा स्विच पेटीत हवाच. नमन-खेळ्यांच्या वेळी अंगणातले दिवे घालवावे लागतात, शिमग्यात पालखी आली की सगळे लागतात, आणि सेन्सर बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत हातानेच काम भागवावं लागतं. शेवटी भर दुपारी सेन्सरवर काळं फडकं बांधून एक-दोन मिनिटं थांबा. दिवे लागले आणि फडकं काढल्यावर थोड्या वेळाने विझले, म्हणजे जोडणी बरोबर. वायरिंगचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि एक किल्ली समाजमंदिराला लागून राहणाऱ्या घरात द्या.