कॅचरचं किट वाढत्या मापाचं घेऊ नका

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. बाही आत दुमडून शिवली की वर्ष निघतं, पुढच्या जूनमध्ये उसवायची. सॉफ्टबॉलच्या कॅचरचं, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचं, किट असं घेतलं तर पैसे वाचत नाहीत, दुखापत वाढते. लेग गार्ड दोन इंच मोठा असेल तर गुडघ्याची वाटी त्याच्या गुडघ्यावरच्या खोलगट कपात बसतच नाही. ढगळ चेस्ट गार्ड मुलगी बसली की हनुवटीला येऊन टेकतो. म्हणून आज बरोबर बसतं तेच घ्यायचं.

दुसरा नेहमीचा घोळ क्रिकेटच्या सामानाचा. घरात भावाचे पॅड आणि हेल्मेट असतं, तेच चालवून घ्यावंसं वाटतं. मुलींच्या क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, १२ इंच घेराचा सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा. महिलांच्या फास्टपिचमध्ये (वेगवान चेंडूच्या सॉफ्टबॉलमध्ये) पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, ४३ फुटांवरून टाकते आणि कॅचर थेट बॅटरच्या मागे बसते, त्यामुळे बॅटला निसटता लागून दिशा बदललेला चेंडू दिसेपर्यंत अंगावर आलेला असतो. क्रिकेटच्या हेल्मेटला गळ्यापुढे लोंबणारं थ्रोट गार्ड नसतं आणि किपरच्या पॅडला पावलाचा वरचा भाग पुरता झाकणारी पाळ नसते. सरावापुरतंही हे नको, कारण सर्वाधिक चेंडू सरावातच अंगावर येतात.

मापासाठी शिंप्याची टेप घ्या आणि माप घ्यायला घरातलं किंवा संघातलं दुसरं कोणीतरी असू द्या. मुलीने मैदानावर घालते तेच सगळं घातलेलं असावं: स्पोर्ट्स ब्रा, जर्सी, पॅन्ट, मोजे, बूट. केसही खेळताना बांधते तसेच. उंच पोनी किंवा अंबाडा असेल तर हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि जाळी डोळ्यांवर उतरते. मानेशी घातलेली एक वेणी सगळ्यात सोयीची.

डोक्याचा घेर भुवयांच्या वर दोन बोटं सोडून, मागे सगळ्यात फुगीर जागेवरून, सेंटीमीटरमध्ये घ्या. छातीचं माप म्हणजे गळ्याखालच्या खळीपासून बेंबीपर्यंतची लांबी. लेग गार्डचं माप गुडघा वाकवून, वाटीच्या मध्यापासून पाऊल आणि नडगी जिथे मिळतात त्या घडीपर्यंत. दोन्ही पाय मोजा, फरक निघाला तर मोठं माप धरा. वय सांगून किट मागवू नका. बारा वर्षांच्या दोन मुलींच्या नडगीत दोन इंचांचा फरक सहज असतो, आणि ‘इंटरमीडिएट’ या मापाच्या एकाच नावाखाली प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा. कंपनीने दिलेली लांबी वाटीपासूनची आहे की गार्डच्या वरच्या टोकापासूनची, हे दुकानदाराला आधी विचारा. परत पाठवण्याचे निम्मे प्रसंग इथेच टळतात.

यातली खरी परीक्षा लेग गार्डची. उभं राहिल्यावर जवळजवळ कुठलाही लेग गार्ड बरा दिसतो, म्हणून दुकानात आरशासमोर उभं करून काही कळत नाही. मुलीला उकिडवं बसवा, कॅचर बसते तसं, आणि बाजूने बघा. वाटी कपाच्या बरोबर मध्ये हवी. कप वर मांडीकडे सरकला असेल तर गार्ड लांब आहे. तो खाली पावलावर दाबेल आणि पळताना आपटेल. खाली घोट्याच्या वर उघडी नडगी दिसली तर आखूड आहे. मग दोन्ही गुडघ्यांवर पटकन खाली बसायला सांगा, जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू अडवताना बसते तसं. जमिनीला कपाचा फुगीर भाग लागला पाहिजे, त्याची कड नव्हे. कड लागत असेल तर चार सरावांत गुडघ्याला वळ उठतात आणि मुलगी न सांगता गुडघे टेकायचं टाळू लागते. सरांना वाटतं पोरगी घाबरते. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर तर हे आणखी लवकर होतं.

पट्ट्यांचे हुक नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला. गार्डवर डावा-उजवा लिहिलेलं असतं, तरी घाईत अदलाबदल होते; मग बंट (बॅटने हलकेच पुढ्यात पाडलेला चेंडू) उचलायला धावताना एका पायाचा हुक दुसऱ्यात अडकतो आणि कॅचर तोंडावर पडते. पट्ट्या बसलेल्या अवस्थेत घट्ट करा. उकिडवं बसल्यावर पोटरी फुगते, म्हणून उभं राहून आवळलेली पट्टी बसल्यावर रक्त अडवते आणि तिसऱ्या इनिंगला पाय बधिर होतात. पट्टीखाली एक बोट सरकलं की पुरे. दोन सरकली तर गार्ड गोल फिरणार.

चेस्ट गार्डचं काम चेंडू थोपवणं एवढंच नाही, तो पुढ्यात मेल्यासारखा पाडणंही आहे. अंगाला चिकटलेला, किंचित मऊ गार्ड ते करतो. कडक भाकरीसारखा ताठ आणि अंगापासून सुटलेला गार्ड चेंडू दहा फूट उडवतो, तेवढ्यात पहिल्या बेसवरची (धावेतल्या पहिल्या थांब्यावरची) धावपटू दुसऱ्यावर. मुलींसाठी घडवलेला गार्ड छातीच्या आकाराचा असतो. मुलांचा सपाट गार्ड मध्ये टेकतो आणि दोन्ही बाजूंना फाकतो, त्या फटीतून बरगडीला लागतं. वरची कड गळ्याच्या खळीशी यावी, गळ्याची हाडं झाकली जावीत. मागची पट्ट्यांची चकती दोन फऱ्यांच्या मधोमध. आता खालची कड धरून गार्ड खाली ओढा. वरची बाजू दोन बोटांपेक्षा जास्त उतरली तर खांद्याच्या पट्ट्या ढिल्या आहेत. मग परत उकिडवं. मांड्यांनी गार्ड वर ढकलला आणि तो हनुवटीला लागला तर एक माप लहान घ्या. दोन मापांच्या मध्ये अडकलात तरी लहानच.

शेवटी फेकीचा हात पूर्ण फिरवून बघा. होमपासून (बॅटर उभी राहते त्या जागेपासून) दुसऱ्या बेसपर्यंत साधारण ८४ फूट १० इंच थ्रो करायचा असतो; चेस्ट गार्डची खांदा झाकणारी टोपी कानाला घासत असेल तर तो थ्रो आखूड पडणार. बऱ्याच गार्डांची ही टोपी काढता येते. काढलीत तर फक्त फेकणाऱ्या हाताची.

नवा चेस्ट गार्ड घेताना ‘नॉक्सी’ (NOCSAE) या क्रीडासाहित्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचा छातीवरच्या आघाताविषयीचा शिक्का असला तर तोच निवडा. वाढत्या वयात हृदयावर नेमक्या क्षणी बसलेला चेंडू हृदयाची लय बिघडवू शकतो, त्यासाठी हे वेगळं मानक केलेलं आहे.

हेल्मेट घातल्यावर मुलीला ‘नाही, नाही’ म्हणत जोरात मान हलवायला सांगा. डोकं आणि हेल्मेट एकत्र हलले पाहिजेत. हेल्मेट मागे राहून नंतर आलं तर सैल. हनुवटी तिच्या गादीत बसावी, डोळे जाळीच्या मोठ्या फटीसमोर यावेत, कपाळावर खोल वळ उठू नये. थ्रोट गार्ड जाळीच्या खालच्या टोकाला नाडीने बांधलेलं, हलतं असावं. हनुवटी छातीला टेकली तरी आणि वर पाहिलं तरी गळा झाकलेला राहिला पाहिजे. वाहतुकीत हरवणारी पहिली वस्तू हीच, म्हणून जास्तीची नाडी बॅगेत ठेवा.

मिटबद्दल, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्याबद्दल, थोडक्यात: सॉफ्टबॉलचाच घ्या, साधारण ३२ ते ३४ इंच घेराचा. बेसबॉलच्या मिटचा खिसा लहान चेंडूसाठी असतो, त्यात १२ इंची चेंडू टिकत नाही. लहान हाताच्या मुलीला तो एका हाताने मिटता आला पाहिजे. नवा मिट मऊ करायला खोबरेल तेल चोपडू नका, कातडं जड होऊन लोळतं. खिशात चेंडू ठेवून, पट्ट्याने आवळून रात्रभर ठेवा आणि रोज झेल घ्या.

शाळेचं किट सामायिक असेल तर चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलींना एकच संच पुरवायचा हट्ट सोडा. पैसे कमी असतील तर लेग गार्ड आणि हेल्मेट दोन मापांत घ्या. चेस्ट गार्ड पट्ट्यांनी थोडा जुळवता येतो, हे दोन नाहीत. सैल पडलेलं इलॅस्टिक आणि तुटलेलं बक्कल बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे सहज बदलून मिळतं. तडा गेलेलं कवच मात्र फेव्हिक्विकने चिकटवायचं नाही, टाकून द्यायचं.

एप्रिल-मेमध्ये इथे सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. सामन्यानंतर किट बॅगेत कोंबलं तर फोम कुजतो, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात ठेवलं तर इलॅस्टिक मरतं. आपल्या सोलापुरी टॉवेलने आतला घाम टिपा आणि सावलीत, वाऱ्यावर उलटं टांगा. आणि दर तीन महिन्यांनी टेप काढा. वाटीपासून घडीपर्यंतचं माप अर्ध्या इंचाने वाढलं असेल तर उकिडवं बसवून परत बघा, आणि लहान झालेला लेग गार्ड धाकट्या गटातल्या मुलीला देऊन टाका.