भाड्याचं घर सोडताय? डिपॉझिट कापलं जाईल अशा या चुका टाळा

मे महिना लागला की लातूर, नांदेड, संभाजीनगरात खोल्या बदलायची धांदल उडते. टेम्पो भरून झाला की मग साफसफाई आठवते, आणि नेमकं तेव्हाच टाकीत पाणी नसतं. आपल्याकडं ऐन उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी. 2016 मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. म्हणून घर सोडण्याआधी ज्या दिवशी पाणी येईल, त्याच दिवशी ओटा, मोरी, संडास-बाथरूम घासून घ्या. शेवटच्या दिवसाला फक्त झाडू आणि पोछा राहू द्या.

सगळ्यात महागात पडते ती ॲसिडची बाटली. बोअरच्या पाण्यानं पांढरे थर बसतात, ते घाईघाईत काढायला लोक ॲसिड ओततात. पण शहाबादी फरशी काय नि कडप्प्याचा ओटा काय, दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. ॲसिड पडल्यावर जो फेस येतो, त्यात मळाबरोबर दगडही विरघळत असतो. मग खरबरीत, पांढुरका चट्टा राहतो तो कायमचा. लिंबू आणि व्हिनेगरही या दगडाला चालत नाही. तिथं साबणाचं पाणी आणि ब्रशच बरा. नळाच्या तोटीवरचे क्षार मात्र व्हिनेगरनं निघतात. भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, पुसा, धुवा. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, कोंदट संडासात तो जिवावर बेतू शकतो.

कूलर काढून नेला की खिडकीखाली भिंतीवर क्षारांचे ओघळ दिसतात. ते आधी कोरड्या ब्रशनं खरवडा, मग ओल्या फडक्यानं पुसा. माळ्यावरची रद्दी, पंख्याची पाती, जळमटं हेही राहून जातं.

आता पैशाचं. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 प्रमाणे घर मिळालं तसं परत द्यायचं असतं, पण वापरानं होणारी साधी झीज त्यातून वगळली आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. रंगकामाचा खर्च भाडेकरूवर टाकणारी ओळ अनेकदा तिथंच असते. तशी ओळ नसेल तर विटलेल्या रंगासाठी पैसे कापणं मला अन्यायाचं वाटतं. ओट्यावरचं तेलकट चिकट मात्र आपलंच, ते आपणच काढायचं.

मालकानं सफाईचे पैसे कापलेच, तर कशाचे किती ते लिहून मागा, आणि राहायला आलात तेव्हाचे फोटो दाखवा. फोटो नसतील तर निदान आत्ताचे काढा. चावी शेजाऱ्याकडं ठेवून निघू नका. ‘काका, एकदा घर बघून घ्या’ म्हणत मालकाला खोलीखोलीतून फिरवा, मीटरचं रीडिंग दाखवा, आणि घर ताब्यात मिळाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज त्यांच्याकडून तिथंच घ्या.