डिस्चार्जनंतर विसरलेला धनको उगवला? या चुका टाळा

अमेरिकेत चॅप्टर ७ खाली (मालमत्ता असेल तर ती विकून धनकोंना वाटण्याची पद्धत) दिवाळखोरीचा अर्ज केला, डिस्चार्जचा, म्हणजे कर्जं फेडण्याच्या बंधनातून सुटकेचा, आदेश मिळाला, आणि काही महिन्यांनी वसुली एजन्सीचं पत्र आलं: ॲम्ब्युलन्सचं बिल बाकी आहे. अर्जासोबत दिलेल्या धनकोंच्या यादीत हे नावच नव्हतं. एजन्सी म्हणते, यादीत नाही म्हणजे कर्ज कायम. हे ऐकून "दरमहा थोडं थोडं देतो" असं कबूल करणं ही पहिली चूक. कर्ज सुटलेलं असेल, तर त्या शब्दाला कायद्यात किंमत नाही. सुटलेलं नसेल, तर काही राज्यांत एका हप्त्यानेही वसुलीचा खटला भरण्याची मुदत नव्याने सुरू होते.

आधी तारीख पाहा. बिल कधी आलं याला महत्त्व नाही, सेवा कधी घेतली ते मोजतात. अर्ज १० मार्चला आणि ॲम्ब्युलन्स ६ मार्चला, तर बिल मेमध्ये आलं तरी कर्ज जुनंच. ॲम्ब्युलन्स १२ मार्चची असेल तर पैसे भरावेच लागतील.

मग कोर्टाची पहिली नोटीस काढा. वाटायला मालमत्ता नसलेल्या केसमध्ये धनकोंना दावे दाखल करू नका असं सांगितलेलं असतं. दाव्याची मुदतच ठरली नाही, तर ती चुकली असं धनको म्हणू शकत नाही. म्हणून बहुतेक न्यायालयं असं विसरलेलं कर्जही सुटलं असं मानतात. नवव्या सर्किटच्या (विभागाच्या) फेडरल अपील न्यायालयाने १९९३ मध्ये आणि तिसऱ्याच्या १९९६ मध्ये हेच म्हटलं. फसवणुकीतून झालेलं कर्ज मात्र वेगळं. काही न्यायालयं नाव का सुटलं हेही तपासतात. पुण्याच्या मामांचे हातउसने पैसे "घरचेच आहेत" म्हणून मुद्दाम वगळणं विसरण्यात मोडत नाही. यादी शपथेवर दिलेली असते.

तेव्हा नाव घालण्यासाठी बंद झालेली केस घाईने पुन्हा उघडू नका. २६० डॉलर फी जाते, वकिलाचे पैसे वेगळे, आणि अशा केसमध्ये हाती काही नवं लागत नाही. त्याऐवजी एजन्सीला पत्र लिहा: कोर्टाचं नाव, केस क्रमांक, अर्जाची आणि डिस्चार्जची तारीख, सोबत आदेशाची प्रत. आदेश 'पेसर'वर (फेडरल कोर्टांच्या कागदपत्रांची ऑनलाइन सेवा) पानाला १० सेंट दराने मिळतो. पत्र सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवा. फोनवर सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.

ही पोचपावती का जपायची? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वसुली चुकीची आहे याबद्दल रास्त शंकेला जागाच नसेल, तेव्हा धनकोवर अवमानाची कारवाई होऊ शकते. आदेश हातात असूनही मागणी चालू ठेवणाऱ्याला शंकेची सबब सांगणं जड जातं. धनकोने डिस्चार्जचा आदेश मोडला म्हणून केस पुन्हा उघडायला ते २६० डॉलरही लागत नाहीत.

सर्वात महागडी चूक: समन्स आलं आणि "माझा डिस्चार्ज झालाय" म्हणून ते बाजूला ठेवलं. सुटलेल्या कर्जावरचा निकाल रद्दच धरतात, पण तोवर पगारातून कपात सुरू झालेली असते. मुदतीत उत्तर दाखल करून डिस्चार्जचा मुद्दा लेखी मांडा.

मालमत्ता विकून पैसे वाटले गेले असतील तर गणित उलटतं. धनकोला वेळेत कळलंच नाही, तर त्याचं कर्ज उरतं; फोनवरून का होईना, कळलं होतं हे दाखवता आलं तर सुटतं. वाटप अजून व्हायचं असेल तर त्याला लगेच कळवा, उशिराच्या दाव्यालाही वाटा मिळू शकतो. चॅप्टर १३ मध्ये (हप्त्यांनी फेड करण्याची दिवाळखोरी) यादीबाहेरच्या, केसचा पत्ताच नसलेल्या धनकोचं कर्ज साधारणपणे सुटत नाही. तिथे दाव्याची मुदत अर्जापासून ७० दिवस, म्हणून आठवलं त्याच दिवशी वकिलाला फोन.

गाडी किंवा घर तारण असेल तर बोजा डिस्चार्जनंतरही राहतो, आणि जामीनदारही मोकळा होत नाही.