जे हलतं ते शिकवलं जातं: मुलांच्या शैक्षणिक टीव्हीसाठी अ‍ॅनिमेशन करू पाहणाऱ्यांसाठी

व्यंगचित्रं जमतात आणि मुलं आवडतात, एवढ्या भांडवलावर या कामाकडे वळणारी बरीच तरुण मंडळी मला भेटतात. दोन्ही गोष्टी लागतातच. पण शैक्षणिक कार्यक्रमासाठी अ‍ॅनिमेशन करणाऱ्याचं खरं काम तिसरंच असतं. या क्षणी मुलाची नजर पडद्यावर कुठे असेल, ते त्याला ठरवायचं असतं. डोळा हालचालीमागे धावतो, लहान मुलाचा तर हमखास. त्यामुळे पडद्यावर जे हलेल ते शिकवलं जातं, तुमच्या मनात ते असो वा नसो.

नवोदितांच्या नमुन्यांत एक हसरा ढग नेहमी असतो. जलचक्र समजावताना तो डोळे मिचकावतो, गाल फुगवतो आणि मग त्याला रडू येतं. चित्र गोड असतं. असा तुकडा तिसरी-चौथीच्या वर्गात दाखवून विचारा, पाऊस कसा पडतो? ‘ढगाला वाईट वाटलं म्हणून’ असं उत्तर येतं. त्यात मुलांचं काही चुकलेलं नाही. त्यांनी पाहिलं तेच सांगितलं. बाष्प वर जाणं, थंड होणं, थेंब होणं हे सगळं त्या चित्रात कोपऱ्यात बारीक बाणांनी दाखवलेलं असतं, आणि बाण हलत नसतात.

म्हणून पटकथा हातात आली की पहिला प्रश्न विचारा, यात हलणारी गोष्ट नेमकी कोणती? वजाबाकी घ्या, बेचाळीस वजा सतरा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशकाच्या घरातला दहाचा एक गठ्ठा सुटतो आणि एककाच्या घरात त्याच्या दहा काड्या होतात. धडा एवढाच आहे. गठ्ठा एका घरातून दुसऱ्या घरात जातानाचा प्रवास मुलाला सलग दिसला पाहिजे, मध्ये कट नको. आणि तो चालू असताना बाजूला उभ्या पात्राने पापणीसुद्धा लववायची नाही. अ‍ॅनिमेशन शिकलेल्यांना हे जड जातं, कारण पात्र जिवंत ठेवायला सतत काहीतरी हलतं ठेवा, असं त्यांना शिकवलेलं असतं. करमणुकीच्या मालिकेत ते बरोबर आहे. इथे मात्र एखादं पात्र दोन सेकंद पुतळ्यासारखं उभं ठेवायला धीर लागतो.

मराठीत काम करताना यात आणखी एक पेच येतो, आणि तो कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ‘पंचवीस’ म्हणताना कानावर आधी पाच येतो, मग वीस. लिहिताना आधी 2, मग 5. निवेदिका ‘पंच’ म्हणाली त्याच क्षणी पडद्यावर 2 चमकला, तर पहिलीतल्या मुलाच्या डोक्यात काय बसेल? आणि आवाजाशी जुळवायचं म्हणून आधी 5 चमकवला, तर मूल उजवीकडून लिहू लागतं. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड. ऐकायला तीस, पाहायला 2 आणि 9. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण समजावून सांगितली होती; जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं अडखळतात, म्हणून ही वाट. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. अ‍ॅनिमेटरला मात्र बाजू घेऊन भागत नाही, त्याला फ्रेम ठरवावी लागते. माझी पद्धत अशी: शब्द पूर्ण होईपर्यंत दोन्ही अंक स्थिर. मग शांतपणे दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे. एकोणतिसासाठी तीस घरांची चौकट काढायची आणि शेवटचं घर रिकामं ठेवायचं. मुलं त्या रिकाम्या घराकडे बोट दाखवतात, तेव्हा समजायचं की ‘एकोण’ पोचलं.

अक्षरांचंही तसंच. अक्षर गिरवून दाखवणारा तुकडा करायचा झाला, तर आधी शाळेतल्या बाईंना फळ्यावर लिहायला सांगा आणि बघत बसा. रेघ कुठून सुरू होते, गाठ कुठे येते, शिरोरेघ शेवटी कशी ओढतात. संगणकातल्या बऱ्याच फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी मुलाच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो. तपासणीत हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि प्रसारणानंतर पहिला फोन शिक्षकाचा येतो.

या परंपरेचा थोडा इतिहास माहीत असावा, मिरवण्यासाठी नव्हे, मुलाखतीत उपयोग होतो म्हणून. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या अंकुराची वाढ थोडी थोडी करून टिपली होती, पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी केलेला तो तुकडा शैक्षणिक चित्रपटाचा उत्तम नमुनाच म्हणायचा. 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिला, अ‍ॅनिमेटर राम मोहन तिथेच घडले. विजया मुळे यांनी 1974 मध्ये केलेला ‘एक अनेक और एकता’, ज्याचं अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, दूरदर्शनवर इतक्यांदा लागला की एका पिढीला तो तोंडपाठ आहे. तो आज नवीन नजरेने पाहा. किती कमी गोष्टी हलतात आणि ज्या हलतात त्या सगळ्या ‘एक’ आणि ‘अनेक’बद्दलच आहेत. 1975-76 मध्ये ‘साइट’ या शैक्षणिक टीव्हीच्या प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत कार्यक्रम पोचले. पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी राज्याची संस्था होती. 2017 मध्ये ती बंद झाली आणि मराठीतून हे काम शिकण्याची एक हक्काची जागा गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. टाळेबंदीत शैक्षणिक टीव्हीची सगळ्यांना अचानक आठवण झाली. केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या योजनेतल्या शैक्षणिक वाहिन्या आधी 12 होत्या, नंतर त्या 200 पर्यंत वाढवल्या. वाहिन्या वाढल्या म्हणून चांगलं अ‍ॅनिमेशन वाढतंच असं नाही, पण काम आहे.

शिक्षण कुठे घ्यावं? मुंबईचं जे. जे. उपयोजित कला, पुण्यातलं अभिनव कला महाविद्यालय, पवईच्या आयआयटीतला डिझाइन विभाग आयडीसी, अहमदाबादची डिझाइन संस्था एनआयडी, सगळीकडून चांगली माणसं आलेली पाहिली आहेत. आयडीसीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सीड, एनआयडीसाठी डॅट अशा प्रवेश परीक्षा असतात. दोन्हींत सुबक रेषेपेक्षा निरीक्षण आणि कल्पना जास्त तपासतात. खासगी संस्थांच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरची यादी लांबलचक असेल तर जरा जपून. सॉफ्टवेअर घरी शिकता येतं. ओपनटून्झ, क्रिटा, ब्लेंडर हे सगळं फुकट आहे. हातात चित्र नसेल तर मात्र कुठलाच स्टुडिओ ते शिकवत बसत नाही. गंमत म्हणजे शाळेत आपण एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतो आणि विसरतो. त्यातलं स्मरणचित्र आणि अक्षरलेखन मी रोज वापरतो. स्टोरीबोर्ड म्हणजे पटकथेतली दृश्यं क्रमाने चित्रांत मांडणं, आणि बाजारातली केळेवाली न बघता काढता येणं म्हणजेच स्टोरीबोर्ड.

प्रत्यक्ष कामाचा क्रम साधारण असा असतो: विषयतज्ज्ञाचा आराखडा, पटकथा, स्टोरीबोर्ड, आवाजाचं ध्वनिमुद्रण, अ‍ॅनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं आवाजावर बसवून केलेला कच्चा तुकडा), अ‍ॅनिमेशन, संकलन. आवाज आधी आणि चित्र नंतर, हा नियम पाळा. मराठी बोलताना प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटतात. तेवढे जरी फ्रेमवर बरोबर बसले तरी बाकीचं लिपसिंक मुलं माफ करतात. कार्यक्रम पुढे हिंदी, कन्नडमध्ये जाणार असेल तर तोंडं मुद्दाम साधी ठेवा, निवेदन शक्य तिथे पडद्याबाहेरून येऊ द्या.

आपल्याकडे टीव्ही सेकंदाला 25 फ्रेमचा. म्हणजे एका मिनिटाला 1,500 फ्रेम, आणि एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 750 चित्रं. कुठल्याही शैक्षणिक प्रकल्पाचं बजेट एवढी चित्रं हाताने काढू देत नाही. म्हणून कट-आउट रिग वापरतात, पात्राचे सुटे भाग सांध्यांवर हलवायचे. यात कमीपणा मानू नका. वाचलेली मेहनत त्या एका गठ्ठ्याच्या प्रवासावर खर्च करा, तो हाताने काढा.

अ‍ॅनिमॅटिक तयार झालं की मुलांसमोर न्यायचं, साहेबांसमोर नंतर. अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’च्या संशोधकांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी एक सोपी युक्ती केली होती. टीव्हीशेजारी दुसरा पडदा ठेवून त्यावर काही सेकंदांनी नवीन चित्र टाकायचं आणि मुलाची नजर कार्यक्रमावरून कधी हटते ते टिपायचं. आपल्याला दुसरा पडदाही लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिडकीबाहेर पुरेसं काही चालू असतं. तुम्ही टीव्हीकडे पाठ करून मुलांकडे तोंड करून बसा. ज्या क्षणी तीन-चार माना खिडकीकडे वळतात, त्या क्षणाचा टाइमकोड लिहून घ्या. नंतर प्रश्न विचारताना ‘आवडलं का?’ विचारू नका. पाहुण्याला मुलं हो म्हणतातच. ‘तुझ्या धाकट्या भावाला सांग बरं’ म्हणा.

चमकणाऱ्या दृश्यांबाबत हयगय नको. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने चमकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट नको, गडद लाल तर टाळाच. वीज चमकली, फटाका फुटला, जादू झाली, असे प्रसंग आले की फ्रेम मोजा. ऑनलाइन दिसणाऱ्या तयार इफेक्टांत हे कुणी मोजलेलं नसतं.

आता पैसे. नोकऱ्या थोड्या, काम बहुतेक कंत्राटी आणि भाव मिनिटाचा. ‘मिनिट’ म्हणजे काय ते आधी ठरवून घ्या. शीर्षकगीत मोजणार का? प्रत्येक भागात पुन्हा येणारा तुकडा एकदाच मोजणार का? दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या भावात धरल्या आहेत? समितीत पाच शिक्षक असले तर मतं सहा निघतात, म्हणून स्टोरीबोर्डवर सगळ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय अ‍ॅनिमेशनला हात लावू नका. हप्ते पाडून घ्या: करार झाल्यावर, अ‍ॅनिमॅटिकनंतर आणि शेवटी. सरकारी प्रकल्पात शेवटचा हप्ता मार्च उलटून गेला की पुढच्या वर्षाच्या तरतुदीची वाट बघतो, तेव्हा घरभाडं त्यावर अवलंबून ठेवू नका.

पात्रांचे हक्क हा वेगळा मुद्दा. नोकरीत असताना काढलेल्या पात्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. स्वतंत्रपणे काम करत असाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 एकदा वाचाच: हक्क लेखी द्यावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत’ हे वाक्य कराराच्या शेवटच्या पानावर असतं. नाही म्हणता येत नसेल तर निदान भाव वाढवून घ्या आणि श्रेयनामावलीतलं नाव लिहून घ्या.

नमुना पाठवताना दहा मिनिटांची रील कुणी बघत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत वाचायला मिळतात. त्यातली तुम्हाला स्वतःला शाळेत न समजलेली एक संकल्पना निवडा. चित्र त्यातलं उचलू नका, संकल्पना घ्या. मिनिटाभराचा तुकडा करा, संगीत न घालता. सोबत एक पान जोडा: कुठल्या इयत्तेसाठी, काय हलतं, काय मुद्दाम स्थिर ठेवलंय, आणि किती मुलांना दाखवल्यावर काय बदललं. माझ्याकडे नमुने येतात तेव्हा मी ते पान आधी वाचतो, आणि मग तुकडा आवाज बंद करून बघतो.