अपघात झाला तर पोलिसांत खबर कशी द्यावी

दोन गाड्या घासल्या की चार माणसं जमतात आणि त्यातलं एक हमखास म्हणतं, "जाऊ द्या ना भो, आपसात मिटवून टाका." नुसता बंपरला पोचा आला असेल तर ऐकायला हरकत नाही. पण कुणाला मार लागला असेल, तर खान्देशच्या रस्त्यांवर मिळणारा हा सगळ्यात महाग सल्ला. डोक्याचा मुका मार कधी कधी दुसऱ्या दिवशी बोलायला लागतो. तोवर समोरच्याने हातावर टेकवलेले दोन-तीन हजार दवाखान्यात संपलेले असतात, त्याचा फोन लागत नाही, आणि विमा कंपनी विचारते, "एफआयआर कुठे आहे?"

स्टॅम्पपेपरवर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून घेणं-देणंही चालतं आपल्याकडे. माणूस जखमी असेल तर असा कागद झाला म्हणून गुन्हा मिटत नाही. जखमीचं मात्र नुकसान होऊ शकतं, कारण तो कागद पुढे त्याच्याच विरोधात कोर्टात येतो.

रस्त्यावर असताना

आधी जखमी. १०८ ला अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन करा, ११२ ला पोलिसांसाठी. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरूनही मदत मिळते. अ‍ॅम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने हलवा. उचलणाऱ्यांनी घाबरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. त्यामुळे मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल तर थांबणं, जखमीच्या उपचाराची सोय करणं आणि पोलिसांना कळवणं ही कलम १३४ प्रमाणे तुमची जबाबदारी आहे. जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात जाऊन सांगायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. हे टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जमाव अंगावर येत असेल तर मात्र थांबायची सक्ती नाही. कायद्यातच तशी सूट आहे. गाडी सरळ जवळच्या ठाण्यात न्या आणि काय झालं ते सांगा. पळून जाणं आणि ठाण्यात जाऊन हजर होणं यात कोर्ट फार फरक करतं.

गाड्या बाजूला घेण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही गाड्या, नंबर प्लेट, रस्त्यावरचे टायरचे ओरखडे, जवळचा किलोमीटरचा दगड. कापसाच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळण्याचे अपघात होतात, तेव्हा ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा असे दोन्ही नंबर टिपा, ते वेगळे असतात. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता का, हे फोटोत दिसलं पाहिजे. समोरच्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर कॅमेरा असेल तर पोलिसांना त्याच दिवशी दाखवून द्या, जुनं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं.

दवाखान्यात काय सांगायचं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पोलिसांची भानगड नको म्हणून नातेवाईक डॉक्टरांना सांगतात, "घरी पाय घसरून पडला." केसपेपरवर तेच लिहिलं जातं. मग आठ दिवसांनी ऑपरेशनचा खर्च कळल्यावर अपघाताची तक्रार द्यायला गेलं की पहिला कागदच विरोधात बोलतो. नंतर वकील कितीही चांगला लावा, त्या एका ओळीचं उत्तर देताना त्याच्या नाकी नऊ येतात. म्हणून पहिल्याच डॉक्टरला सांगा: अपघात कुठे झाला, किती वाजता, कोणत्या गाडीने. मग डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची (मेडिकोलीगल) नोंद, करतात आणि पोलिसांना कळवतात.

पेशंट नवापूरहून सुरतला किंवा रावेरहून बऱ्हाणपूरला नेला असेल तर तिथली नोंद तिथल्या पोलिसांकडे जाते. ती आपोआप आपल्या ठाण्यात येईल या भरवशावर राहू नका. घरातल्या एकाने पेशंटजवळ थांबावं आणि दुसऱ्याने अपघात झाला त्या हद्दीतल्या ठाण्यात जावं.

पोलिसांना लगेच कळवण्याचं आणखी एक रोख कारण आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. तिच्यात अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मात्र हा अपघात रस्त्यावरचाच आहे याला पोलिसांचा दुजोरा लागतो.

ठाण्यात

"ही आमची हद्द नाही" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की वाटेत जिल्हा बदलतो. कन्नड घाटाच्या पायथ्याला चाळीसगाव आणि माथ्यावर दुसरा जिल्हा. पळासनेरच्या पुढे तर राज्यच बदलतं. पण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. खबर ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

जबाब तोंडी दिला तरी चालतो, अंमलदार तो लिहून घेतात. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, तुम्ही कुठून कुठे चालला होता, कोणती गाडी कुठल्या बाजूने आली, कुणाला काय लागलं, हे आलं पाहिजे. "रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने व भरधाव वेगात" ही पोलिसी ओळ त्यात येईलच. ती ठरलेली आहे. महत्त्वाचं ते तिच्या आधीचं आणि नंतरचं. गाडीचा नंबर नीट दिसला नसेल तर अंदाजाने सांगू नका. "पांढऱ्या रंगाचा टेम्पो, नंबर दिसला नाही" हे खरं वाक्य चुकीच्या नंबरपेक्षा शंभर पटींनी कामाचं. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या. वडीलधाऱ्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो त्यांचा हक्क आहे. आईने सगळं अहिराणीत सांगितलं आणि कागदावर प्रमाण मराठीत उतरलं, असं आपल्याकडे नेहमीचंच. डावं-उजवं तेवढं तपासा.

नुसती स्टेशन डायरीत नोंद किंवा अदखलपात्र तक्रार घेऊन परत पाठवत असतील तर थांबा. निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाला जखमी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५ लागतं, मृत्यू झाला असेल तर १०६. हे दखलपात्र गुन्हे आहेत. ठाण्यात घेतच नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठू नका.

उशीर झाला असेल तरी जा. पेशंटच्या धावपळीत चार दिवस गेले हे कारण कोर्ट समजून घेतं. केवळ एफआयआर उशिरा झाला म्हणून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. उशिराचं कारण मात्र जबाबातच लिहून घ्या.

माणूस गेला असेल तर

हे लिहायला जड जातं, पण खेड्यांत हाच भाग सगळ्यात जास्त चुकतो. "आता कापाकापी कशाला, नेऊ द्या घरी," असं म्हणून माती उरकली जाते. शवविच्छेदन झालं नाही तर मृत्यू अपघातानेच झाला हे सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं, आणि मागे राहिलेली बायको-लेकरं भरपाईला मुकू शकतात. जखमी माणूस पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घरी वारला तरी पोलिसांना कळवायला हवं. एफआयआर तेव्हा जखमीचा झालेला असतो, त्यात मृत्यूचं कलम वाढवावं लागतं.

पुढे या कागदाचं काय होतं

पोलीस जागेचा पंचनामा करतात, साक्षीदारांचे जबाब घेतात, मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. नियमाप्रमाणे ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. भरपाईचा दावा जिल्ह्याच्या ठिकाणी, जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला चालतो. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथे तो दाखल करता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे.

धडक देऊन गाडी पसार झाली आणि सापडलीच नाही, तर विमा कंपनी कोणाची धरायची हा प्रश्न येतो. त्यासाठी २०२२ पासून वेगळी योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज तालुक्याच्या महसूल कार्यालयात करायचा. गाडी माहीत नाही म्हणून पोलिसांकडे न गेलेल्यांना हे पैसे मिळत नाहीत, आणि असे लोक कमी नाहीत.

गाडी तुमची असेल आणि ठाण्याच्या आवारात लावावी लागली, तर मनाची तयारी ठेवा, दोन-चार दिवस जातील. तपासणी झाल्यावर आरसी, विमा, लायसन्सच्या प्रती घेऊन सुपुर्दनाम्यावर (मागितली की गाडी हजर करीन, असं लिहून देऊन) ती सोडवता येते. काही वेळा त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. उभी करून येताना स्टेपनी, बॅटरी, जॅक, टेप असं जे काही आत आहे ते ताबा पंचनाम्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. सोडवायला जाल तेव्हा त्या यादीनेच मोजून घ्या.